डिम्फनाच्या खिडकीसमोरचं शेड

पॅकी गिलमार्टिनने परवानगी न काढता शेड बांधलं याचं आमच्याकडे कुणालाच नवल वाटलं नाही. पॅकीने आयुष्यात परवानगी मागितली ती फक्त आपल्या आईची. ती गेल्यापासून परवानगी हा प्रकारच जगातून उठला, अशी त्याची समजूत झाली असावी.

आमच्या वाटेवर तीनच घरं. तोंडाशी माझं, मग डिम्फना फीनीचं आणि टोकाला पॅकीचं. पॅकीकडे सहा गाई आहेत आणि त्या सहाही जणींना त्याने आपल्या मावश्यांची नावं दिली आहेत. आमच्या लीट्रिम भागाची पाणथळ जमीन तुम्हाला ठाऊक आहेच. हिवाळ्यात गाय बाहेर ठेवली की गायही चिखलात जाते आणि शेतही. जुन्या दगडी गोठ्याचं छप्पर वादळात बसलं, तेव्हा पॅकीने आपल्या हद्दीत, पण डिम्फनाच्या घराच्या अगदी अंगावर, हिरव्या पत्र्याचं चांगलं उंच शेड उभं केलं. शेतकऱ्याच्या लहान शेडला परवानगी लागत नाही, हे त्याने कुठूनतरी ऐकलं होतं. अर्धं ऐकलं होतं. उरलेलं अर्धं असं, की शंभर मीटरच्या आत दुसऱ्या कुणाचं घर असेल तर त्या घरमालकाची लेखी संमती लागते.

आणि ते घर डिम्फनाचं.

डिम्फना आणि पॅकी एकमेकांशी बोलत नाहीत. पॅकीच्या आईचं मयत घरात ठेवलं होतं, तेव्हा सगळं गाव भेटायला लोटलं. अशा वेळी कपबश्या शेजाऱ्यांनी द्यायच्या असतात. डिम्फनाने लग्नातला सोनेरी काठाचा संच काढून दिला. परत आला तेव्हा एका कपाला चीर. पॅकी म्हणाला, ती आधीचीच असेल. बस. आईला माती देऊन आलेल्या माणसाला एवढं बोललेलं माफ असायला हवं होतं, पण डिम्फनाकडे माफीचं खातं नाही. तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चालतं.

शेडचे पत्रे चढले त्या दिवशीचंच घ्या. कुंपणाच्या अलीकडे डिम्फना, पलीकडे पॅकी, मधे मी.

"अ‍ॅट्रॅक्टा, त्या माणसाला विचार, गाईंना राजवाडा बांधायला दुसरी जागा मिळाली नाही का?"

"अ‍ॅट्रॅक्टा, त्या बाईंना सांग, दुसरीकडे बांधलं असतं तर एव्हाना ते शॅनन नदीतून समुद्राला लागलं असतं."

"अ‍ॅट्रॅक्टा, त्याला म्हणावं, मग बरंच झालं असतं."

दोघांना एकमेकांचं स्पष्ट ऐकू येत असतं. पण मी सांगितल्याशिवाय ते ऐकलं असं धरत नाहीत. मी आपली मान इकडून तिकडे फिरवत सगळं पुन्हा म्हणते. माझा नवरा म्हणतो, टपालखात्यात गेली असतीस तर आज पेन्शन मिळाली असती.

पुढच्याच आठवड्यात डिम्फना चांगला कोट घालून कौन्सिलच्या कचेरीत गेली. पॅकीला पत्र आलं: शेड पाडा, नाहीतर बांधलेलं ठेवण्याची परवानगी मागा. त्याने मागितली. रीतीप्रमाणे फाटकावर सूचनाही लावली. त्या सूचनेत काय आहे ते सगळ्या पंचक्रोशीला तोंडपाठ होतं, तरी प्रत्येक जण गाडी थांबवून, खाली उतरून, चष्मा लावून ती वाचून गेला. फादरसुद्धा. आणि मग कळलं की डिम्फनाने हरकत नोंदवली आहे. हरकती लपून राहत नाहीत, ती फाइल कुणीही उघडून वाचावी. कारण लिहिलं होतं: शेडमुळे डोंगर दिसत नाही.

मी पॅकीकडे गेले. तो आपल्या बर्नडेट मावशीला, म्हणजे गाईला, ब्रशने खाजवत होता.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"शेड गेलं तर मावश्या विकायच्या. हिवाळ्यात त्यांना कुठे ठेवू?"

"आणि तू?"

"ऊना बोलावतेय." ऊना त्याची बहीण, समुद्रापलीकडे लीड्सला असते. "मागची खोली रिकामी आहे म्हणते. गाई नसल्या तर मी इथे उठायचं कुणासाठी, सांग?"

हे तो हसत हसत म्हणाला, पण ब्रश एकाच जागी फिरत होता. मला फार वाईट वाटलं. ज्या माणसाला इथल्या इथे स्लायगोला दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आलं तरी घरची आठवण येते, तो लीड्सच्या मागच्या खोलीत काय करणार? खिडकीतून दुसऱ्याची भिंत बघत बसेल.

मग कौन्सिलचा माणूस पाहणीला आला. रूरी नाव, तरुण, गोड बोलणारा, नवे कोरे बूट. त्याने शेड मापलं, अंतर मापलं, पॅकीच्या मावश्यांशी रीतसर ओळख करून घेतली आणि मग डिम्फनाकडे आला. मी तिथे आधीच बसले होते. अशा वेळी घरी बसायला मी काही आजारी नव्हते.

"मिसेस फीनी, डोंगर कुठल्या खिडकीतून दिसत नाही, ते दाखवाल का?"

डिम्फनाने त्याला आधी चहा दिला, मग केक दिला, मग आणखी केक दिला. पण पोरगं चिवट निघालं. तोंड पुसून उठलं आणि बैठकीच्या खिडकीशी गेलं. समोर डोंगर, अगदी पायथ्यापासून माथ्यापर्यंत, वर एक मेंढी चरत होती तीही दिसत होती.

"डोंगर तर इकडे आहे," तो म्हणाला. "शेड तिकडे, मागच्या बाजूला."

"तुला केक आणखी देऊ का पोरा?"

"नको." तो स्वयंपाकघरात शिरला आणि सिंकवरच्या खिडकीसमोर उभा राहिला. तिथून खरंच हिरवा पत्रा सोडून काही दिसत नव्हतं. "आधी इथून काय दिसायचं?"

"काही नाही."

"काहीतरी दिसत असेल ना?"

डिम्फनाने ओटा पुसायला घेतला. ओटा स्वच्छच होता. "त्या माणसाचं धुराडं," ती म्हणाली.

रूरीने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. पोरगं हुशार होतं, पुढे काही विचारलं नाही. एवढंच म्हणाला, की हरकत फाइलला आहे तोवर शेडचं कठीण दिसतं, पण मिसेस फीनींनी हरकत मागे घेऊन लेखी संमती दिली तर आमचीही काही हरकत नाही. आणि गेला.

फाटक लागल्याचा आवाज आला तशी मी तिला धरलीच. "धुराडं?"

"हो, धुराडं. आंधळी आहे का मी?" ती खुर्चीत बसली. "सकाळी किटली भरायला सिंकशी उभी राहिले की तेच दिसायचं. धूर निघाला की समजायचं, उठलाय. मग मी चहा प्यायचे. वरच्या वाटेवरचा जोसी स्वयंपाकघरात पडला, तो पोस्टमन येईपर्यंत तसाच पडून होता. आठवतंय ना? तसा हा पडला तर? इथे कुणाला कळणार? तुला? तू तर सकाळी रेडिओ लावून बसतेस."

"पण तू त्याच्याशी बोलत नाहीस."

"बोलायचं कशाला? धूर दिसला की झालं."

"मग हेच लिहायचं होतंस ना कौन्सिलला!"

"असं लिहितात का कुठे?" ती कानापर्यंत लाल झाली. "फाइल कुणीही वाचतं. फादर वाचतो. तो पलीकडचाही वाचतो."

मला हसू यायला हवं होतं, पण खरं सांगते, रागच आला. एवढी शहाणी बाई, आणि इतका आडमुठेपणा. "डिम्फना," मी म्हटलं, "शेड पडलं की त्याच्या गाई जातील. गाई गेल्या की तो लीड्सला जाईल, ऊनाकडे. मग बस इथे किटली घेऊन. धुराडं छान दिसेल, मधे काही येणार नाही. धूर तेवढा निघायचा नाही."

तिने हातातल्या फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली. मग म्हणाली, "लीड्सला? त्याला तिथला चहासुद्धा सोसायचा नाही." आणि मग, "तू त्याला यातलं एक अक्षर सांगणार नाहीस. शपथ घे."

मी शपथ घेतली. तिने मला केकचा तुकडा बांधून न देता घालवलं. असं आजवर झालं नव्हतं. मी कुंपण ओलांडलं आणि पॅकीला सगळं सांगितलं.

तो हातात चाऱ्याचा काटा घेऊन उभा राहिला.

"माझा धूर?"

"तुझा."

"रोज?"

"रोज."

"आणि रविवारी मी उशिरा उठतो तेव्हा?"

"तेव्हा तिचा चहा उशिरा."

तो वळला आणि आधीच भरलेल्या गव्हाणीत आणखी चारा टाकू लागला. बर्नडेटलाही ते जास्त वाटलं असावं, ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, झालं, आता हा जाऊन तिच्याशी बोलेल. कुठलं काय! माणसं सुधारायला एवढी सोपी असती तर फादरला कामच उरलं नसतं.

रविवारी प्रार्थनेहून आले तर पॅकीच्या घराला शिडी लागलेली, आणि तो छपरावर. अंगात प्रार्थनेचे चांगले कपडे, खांद्यावर शेतीसामानाच्या दुकानातून आणलेला काळा, लांबलचक लोखंडी पाइप. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि वारा असा की माझी टोपी केव्हाच कुंपणापलीकडे गेली होती.

"पॅकी, हे काय चाललंय?"

"शिडी धर, अ‍ॅट्रॅक्टा. बडबड करू नको."

त्याने तो पाइप धुराड्यावर बसवला, तारेने आवळला, आणखी तार आवळली. बुटक्या माणसाने दुसऱ्याची उंच टोपी घालावी तसं ते घर दिसू लागलं. खाली चूल त्याने आधीच पेटवून ठेवली होती. क्षणभर काही झालं नाही. मग पाइपच्या तोंडातून राखाडी धूर निघाला आणि शेडच्या छपराच्या वर, चांगला वर, जाऊन वाऱ्यावर आडवा झाला.

तेवढ्यात पलीकडे दार आपटलं. डिम्फना एप्रन आणि घरातल्या सपाता घालून, शेणातून, चिखलातून धावत आली.

"पॅकी गिलमार्टिन! उतर खाली! मान मोडून घेशील!"

मी सवयीने तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

पॅकीने दोन्ही हातांनी पाइप कवटाळला होता. तिथूनच तो ओरडला, "दिसतोय का?"

"काय दिसतोय का?"

"धूर! तुझ्या सिंकपासून दिसतोय का, ते बघून सांग!"

डिम्फनाने माझ्याकडे बघितलं. मी शिडीच्या पायरीकडे बघत राहिले, जणू अशी पायरी मी जन्मात बघितली नव्हती. ती वळली, आणि तशीच घरात गेली. पॅकी वर वाऱ्यात उभाच. मी म्हटलं, उतर आता. तो म्हणाला, नाही, तिला बघू दे.

मग सिंकवरची खिडकी वर सरकल्याचा आवाज आला. शेड मधे होतं, ती आम्हाला दिसत नव्हती. आवाज तेवढा आला, आणि तोही फाटलेला.

"दिसतोय! आता उतर मेल्या!"

तो उतरला. शेवटच्या पायरीवरच तो शिडी धरून बसला, मग मीच त्याला हाताला धरून घरात नेला. मला वारा लागला, असं तो म्हणाला. डोळ्यांनाही वाराच लागला होता म्हणे.

संमती डिम्फनाने दुसऱ्या दिवशी स्वतः कुंपणाशी जाऊन त्याच्या हातात दिली. मला बोलावलंसुद्धा नाही. शेड मंजूर झालं. रूरी शेवटची पाहणी करायला आला, तेव्हा छपरावरच्या त्या पाइपकडे डोक्याला हात लावून बघत राहिला. त्या पाइपला कुणाची परवानगी नाही, हे सांगायला त्याने तोंड उघडलंही असेल. पण डिम्फनाने त्याच्या तोंडात केक घातला.

आता पॅकीची तक्रार वेगळीच आहे. शेड वाचलं पण झोप गेली, म्हणतो. सकाळी धूर निघायला जरा उशीर झाला की डिम्फनाचा फोन वाजतो. मेलास का, असं विचारते आणि उत्तर ऐकून ठेवून देते. परवा पुन्हा तेच गाऱ्हाणं घेऊन आला, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "मग उचलू नकोस फोन."

"अगं, नाही उचलला तर ती इकडे येईल धावत."

"मग?"

तो दारापर्यंत गेला, परत आला, टोपी हातात फिरवत उभा राहिला.

"अ‍ॅट्रॅक्टा," तो म्हणाला, "किती वेळ नाही उचलला तर येईल, असं वाटतं तुला?"