जांभळा नर आणि जमुनाबाईची मांजर

"काकी, या पुडीनं मले अन्नच जाऊन नाही राहिलं," ओमेश्वरी माझ्या कानाशी कुरकुरली. पाचवा महिना. आधीच्या दोन मुली. तिसरा मुलगाच व्हावा म्हणून सासू रुक्मा आणि नवरा टिकेश तिला तीन महिने दवनीवाड्याच्या महाराजांची औषधाची पुडी चाटवत होते. शेजारीण म्हणून मीही त्यांच्यासोबत महाराजांकडे आलेले.

तिथे काचेच्या पेटीसमोर ही गर्दी! पेटीत समुद्रातले मासे: पाच नारिंगी माद्या, एक जांभळा नर.

"भक्तहो!" महिनाभराने रायपूरहून परतलेले महाराज गरजले. "हा नर पूर्वी मादी था! मी मंत्र फुंकला, नर झाला! पोटातली पोरगी काय चीज आहे? जाण्यापूर्वी केला, बघा, अजून कसा ठणठणीत!"

"तो कुठचा जी?" पेटीचं पाणी बदलणारी बोदलकस्याची जमुनाबाई म्हणाली. "तुमचा नर तुमी गेले त्याच हप्त्यात उडी मारून भाईर पडला. माह्या मांजरीनं खाल्ला. हा दुसरा हाय. मंग माद्यांमंदी जे सगळ्यात मोठी होती, तेच जांभळी झाली."

"मंत्र कोणी मारला?" कुणीतरी विचारलं.

"मंत्र कायचा? मांजरीले शिव्या देल्या, तेवढ्याच."

गर्दी फिसकन हसली. शाळेतल्या प्रेमिला मॅडम पुढे आल्या. "या माशांच्या कळपात एकच नर असतो. तो गेला की सगळ्यात मोठी मादी आपोआप नर होते. मंत्राच्या वेळीही आधीचा नर महाराजांनीच काढला असेल."

"हव जी, मागच्या टाक्यात लपवला होता," जमुनाबाई म्हणाली.

महाराजांना अचानक लघवीला लागली. ते गेले ते गेलेच.

"समुद्रातल्या माशांच्या नाना तऱ्हा," मॅडम ओमेश्वरीच्या घरच्यांकडे वळून म्हणाल्या. "काहींचं नर-मादी गुणसूत्रांवर ठरतं, यांचं कळपावर. माणसाचं गर्भ राहतो तेव्हाच पक्कं होतं. आई एक्स गुणसूत्रच देते. एक्स की वाय, ते बापाकडून येतं; एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. पुडीनं ते बदलत नाही, बाळाला अपाय मात्र होऊ शकतो. उद्याच डॉक्टरला दाखवा. आणि कुणी चमत्कार सांगितला, तर आधी विचारा, मंत्राशिवाय झालं असतं का?"

सगळ्यांनी टिकेशकडे पाहिलं. टिकेशने माशांकडे.

ओमेश्वरीने उरलेली पुडी त्याच्या हातावर ठेवली. "घ्या. आता तुमी चाटा."

रुक्मा सुनेजवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मंग दोन पोरी झाल्या, त्यात कसूर कोणाचा?"

"कसूर कायचा, माय?" ओमेश्वरी म्हणाली. "पोरीच त हायेत."