बरणीच्या बुडाचं फडकं

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आठ दिवस समुद्र विटकरी लाल झाला होता, शिंपले वेचायला बंदी होती. आता तेच लाल पाणी बरणीत भरून भगव्या कफनीतले बाबा उभे होते.

“समुद्राचा राग आम्ही पिऊन टाकू!” त्यांनी मंतरलेल्या पाण्याचा पेला बरणीत ओतला, डोळे मिटून पुटपुटले. अर्ध्या तासात बरणी नितळ! लोकांनी लोटांगणंच घातली.

“जा, वेचा, खा! सकाळी या चौघींना आम्ही स्वतः भरवलं. झालं काही?”

चौघींत ताई होती. शिंपले तपासायच्या प्रयोगशाळेत काम करणारी तिची धाकटी बहीण हे ऐकताच पुढे सरसावली. गर्दीतून घुसत ती बरणीपाशी पोचली. मंतरलेल्या पाण्याला चक्क व्हिनेगरचा वास! आणि बरणीच्या बुडाला जरीचं फडकं कशाला? तिनं ते ओढलं. आत बोटभर तांबडा गाळ.

“बघा चमत्कार! पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत. उकाडा आणि गटाराचं पाणी मिळालं की बेसुमार वाढतात, म्हणून समुद्र लाल. आंबट पडलं की पोहणं सोडतात, अंगाभोवती कवच करून तळाला बसतात. समुद्र निवळला तरी त्यांचं विष शिंपल्यांत राहतं!”

“अगं, उकळल्यावर तोंड उघडलं की शिंपला चांगला,” ताई म्हणाली. शिंपले सोलायच्या शेडमधल्या बायकांची हीच परीक्षा होती.

“त्यानं तो जिवंत होता एवढंच कळतं गं ताई. हे विष उकळून जात नाही!”

ताईनं ओठांवरून बोट फिरवलं. “मघापासून मुंग्या येतायत बघ.”

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, “यावर उतारा नाही. विष उतरेपर्यंत मशीननं श्वास चालू ठेवायचा.” बायका चार, मशीन एक. ताई तिसरी पोचली होती. संध्याकाळी गेली.

“फडकं ओढलंस, म्हणून कोप झाला,” शेजारणीनं तोंडावर सांगितलं.

चार दिवसांनी समुद्र आपोआप निवळला. बाबांच्या नावाचा जयजयकार करत बायका टोपल्या घेऊन निघाल्या. ताईची रिकामी टोपली घेऊन धाकटी वाटेत आडवी उभी राहिली.

“बाबांना मानू नका, मलाही मानू नका. आधी मूठभर शिंपले तपासू द्या, मग खा. एवढंच मागते, बायांनो!”

एकजण थांबली. बाकीच्या वळसा घालून पाण्याकडे गेल्या.