भुकटी विरघळलीच नव्हती

मित्रांनो, मी प्लॅटिनमची एक जुनी कडी आहे. बोटात घालायला जाल, तर वरची दांडी आडवी येईल. माझी जागा प्रयोगशाळेतल्या वजनकाट्याखाली आहे. मला पाण्यात बुडवतात आणि हळूहळू वर ओढतात. पाणी मला सहजासहजी सोडत नाही. ते किती जोराने धरून ठेवतं, यावरून त्याचा पृष्ठताण कळतो. साबण मिसळला की ही पकड ढिली पडते.

एका कारागिराने बारीक तार वाकवून मला घडवलं. प्रत्येक मापाआधी मला ज्योतीत लालबुंद करून साफ करतात, म्हणजे माझी अग्निपरीक्षा रोजचीच. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "आमची कडी खोटं बोलत नाही." ऐकून मला मूठभर मांस चढायचं.

बाईंचा एक बाणा होता. अहवालातला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे त्यांच्या लेखी अंगचोरपणा.

एकदा एका कारखान्याकडून पांढरी भुकटी आली. पाण्यात घातली तर ढिम्म विरघळेना. बाईंची भाची तिथेच कामाला होती. तिने पुन्हा पुन्हा तपासलं. लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमसुद्धा विरघळत नव्हती. इतक्या कमी विरघळणाऱ्या पदार्थाला माझी चाचणी नियमानेच माफ असते, फक्त तसं कारण लिहायचं. पण बाईंना ते कसं पटावं? त्यांनी भुकटी अल्कोहोलमध्ये विरघळवली, ते पाण्यात ओतलं आणि मला बुडवलं. पाण्याने मला चटकन सोडलं.

"आला की नाही आकडा? साबणासारखी वागतेय भुकटी. कर सही."

"नाही मावशी, मी सही करणार नाही. सांडपाण्याचं काय करायचं, ते कारखाना यावरून ठरवणार आहे. जी पाण्यात उतरतच नाही, तिचं आपण काय मोजलं?"

"मला शिकवतेस? घरची म्हणून तुला इथे घेतलं, आणि तू निघालीस कामचुकार!"

सगळे बघत होते. भाचीचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्याच आकड्यावरून तिला बोलणी बसत होती, आणि मला तोंड उघडता येत नव्हतं.

भाचीने मला ज्योतीत धरलं. मग तेवढंच पाणी आणि तेवढंच अल्कोहोल घेतलं. भुकटी घातलीच नाही. मला बुडवून वर ओढलं, तर आकडा तोच! आम्ही भुकटी नव्हे, अल्कोहोल मोजलं होतं.

बाईंनी अहवाल पुढे ओढला. मग त्यांनी स्वतःच्या हाताने रकान्यात लिहिलं, 'पाण्यात जवळजवळ अविद्राव्य, म्हणून चाचणी केली नाही.'

"ऐका सगळे," त्या म्हणाल्या. "चूक माझी होती, हिची नाही. आणि असं मी याआधीही केलंय. ज्यांना तसे अहवाल दिले, त्यांना आजच कळवते."

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणणार नाही. पण कुणाला चारचौघांत बोल लावण्याआधी शंभरदा विचार करा. भाची "असू दे, मावशी" म्हणाली खरी, पण त्या दुपारी तिने डबा एकटीनेच खाल्ला.