ओसरीवरचे खोटे चार दिवस

वरवट बकालपासून दोन-तीन मैलांवर एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्या एका गावाला नावं ठेवून मोकळे व्हाल, आणि ते मला नको आहे.

त्या गावात बुधवारची सकाळ होती. कपाशीची दुसरी वेचणी चालू होती, बाया डबे घेऊन शेतात निघाल्या होत्या. पूनम मात्र घराच्या पुढच्या ओसरीवर, कोपऱ्यात जुन्या सतरंजीवर बसून होती. शेजारी तिचा वेगळा तांब्या आणि वेगळं ताट. पाळीचे चार दिवस बाईनं घरात पाऊल टाकायचं नाही, चुलीकडे जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही, हा नेम तिच्या सासूच्या, रुखमाबाईंच्या घरात अजून कडक पाळतात. रस्त्यानं जाणाऱ्या बाया एक नजर टाकत आणि काय ते समजून पुढे जात.

यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. नवल एवढंच, की या घरातल्या बाया आजवर मागच्या बाजूला, गोठ्याजवळच्या खोलीत बसायच्या. सुनेला चारचौघांना दिसेल अशा जागी आणून बसवलं ते गेल्या तीन महिन्यांपासून. आणि या तीन महिन्यांत पूनमची पाळी एकदाही आलेली नव्हती.

तिला दिवस गेले होते. ते गावाला कळू नये म्हणून रुखमाबाईंनी हे सोंग उभं केलं होतं.

गावाला म्हणजे खरं तर एकाच बाईला. सिंधूताई ही गावची आशा कार्यकर्ती. दर महिन्याला वही घेऊन घरोघर फिरायची, कुणाला दिवस राहिले ते विचारून लिहायची. एकदा नाव त्या वहीत चढलं की ते तालुक्याला जातं, जिल्ह्याला जातं. मग तपासण्या, गोळ्या, आणि भरलेलं पोट अचानक दिसेनासं झालं तर विचारपूस. नावच चढलं नाही तर कोण कुणाला विचारणार? बाहेर बसलेल्या बाईला तर काही विचारायची गरजच पडत नाही. सिंधूताईनं तिन्ही महिने रस्त्यावरून ओसरीकडे पाहिलं आणि पूनमच्या नावापुढे ‘पाळी चालू’ असं लिहून टाकलं. आपण डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो आहोत, याची तिला खात्री होती.

पूनमला भीती होती ती दुसऱ्या दिवसाची. गुरुवारी पहाटे जीप येणार होती. भागवतनं, तिच्या नवऱ्यानं, तसं ठरवून टाकलं होतं. लोकांना सांगायचं की देवदर्शनाला चाललो. जायचं होतं शेजारच्या राज्यातल्या एका दवाखान्यात, जिथे मागच्या दारानं घेतात आणि मुलगा की मुलगी ते यंत्रात बघून सांगतात. मुलगा असला तर परत येताना पेढे. मुलगी असली तर काय, ते पूनमला कुणी सांगायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वी ती त्याच जीपनं त्याच दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टर तिच्याशी एक शब्द बोलला नाही. परतीच्या वाटेवर भागवत खिडकीबाहेर बघत राहिला, तेव्हा तिला कळलं. मग गोळ्या दिल्या. अकरा दिवस रक्त थांबलं नाही. सरकारी दवाखान्यात नेलं तर बोभाटा होईल म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवलं, आणि ती पांढरीफटक पडल्यावर रुखमाबाईंनी देवापुढे नवस बोलला. गावाला सांगितलं, पोटात गाठ होती. माहेरी फोन केला तर आईनं सासू म्हणते तसं वाग म्हणून समजूत घातली. आता तर फोनही भागवत स्वतःजवळ ठेवायचा.

यावेळी आपण वाचणार नाही, असं पूनमला मनापासून वाटत होतं. ती सव्वीस वर्षांची होती. पाच वर्षांची छकुली ओसरीच्या पायरीवर बसून लांबूनच आईशी बोलत होती, कारण जवळ गेलं की आजी रागावते. मधूनच ती सरकत सरकत जवळ यायची आणि पूनम भिऊन मागे सरकायची. पोरीला शिवलं तर सासू बोलेल ही भीती खोट्या पाळीतही खरीच होती. बघा, बाईला किती खोलवर भ्यायला शिकवलेलं असतं.

दहाच्या सुमारास सिंधूताई आली, आणि तिच्यासोबत एक नवी मुलगी. महनूर तिचं नाव, खामगावची. जन्म, मृत्यू, कोण गावात आलं, कोण गेलं, याची सरकारी पाहणी दर सहा महिन्यांनी होते, त्यासाठी ती आली होती. सिंधूताई तिला घरं दाखवत होती. आत्ताच त्या शेजारच्या सत्यभामाबाईंच्या घरून निघाल्या होत्या. तिथली सून दोन वर्षांपूर्वी कुठून तरी सातशे-आठशे किलोमीटरवरून आणलेली. जन्म कुठला, गाव का सोडलं, असं महनूरनं विचारलं तेव्हा ती सासूच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि सासूनं सांगितलं, लग्नासाठी. महनूरनं तसं लिहिलं. आमच्याकडे आता हे असंच चालू आहे. एका जीपनं पोरी संपवायच्या, आणि पोरं घोडनवरे झाली की दुसऱ्या जीपनं परक्या मुलखातून पोरी आणायच्या.

रुखमाबाई उंबऱ्यात बसून भराभर उत्तरं देत होत्या. घरात माणसं किती, मुलं किती, वर्षभरात कुणी वारलं का. मग महनूरनं विचारलं, की सुनेला आजवर किती वेळा दिवस राहिले, जगलेलं, न जगलेलं, पडलेलं, सगळं धरून.

रुखमाबाई म्हणाल्या, “एकच डाव. हे छकुली.”

महनूर अदबीनं म्हणाली की हे ताईंनाच विचारावं लागतं.

“ते बाहेरची आहे, बाई. तिले काय इचारता? मी सांगून राह्यली ना.”

पूनम सगळं ऐकत होती. आत्ता बोललं तर संध्याकाळी भागवत काय करेल, आणि नाही बोललं तर उद्या काय होईल, या दोन भीतींच्या मध्ये ती सतरंजीचा धागा उसवत बसली होती. सिंधूताईनं पदरानं घाम पुसला आणि प्यायला पाणी मागितलं. गुडघ्यावर हात ठेवून रुखमाबाई उठू लागल्या.

त्यांच्याआधी पूनम उठली. ती सतरंजीवरून उतरली, सासूच्या शेजारून उंबरा ओलांडला आणि सरळ आत गेली.

आमचा हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. आठ-दहा दिवसांनी नळाला गोडं पाणी येतं, ते देवघराच्या बाजूला पिंपात भरून झाकून ठेवतात, आणि बाहेर बसलेल्या बाईची सावलीही त्यावर पडू देत नाहीत. पूनमनं त्या पिंपाचं झाकण काढलं, गडू बुडवला आणि भरून बाहेर आणला.

“प्या, सिंधूताई,” पूनम म्हणाली. “पाणी बाटलं नाही. मी बाहेरची नाहीच. मले तिसरा महिना सरून राह्यला.”

सिंधूताईनं गडू हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. तीही याच गावची सून, याच नेमात वाढलेली.

“खोटं बोलून राह्यली ते,” रुखमाबाई कशाबशा म्हणाल्या. “डोकं फिरलं तिचं.”

“मंग पाणी फेका, आत्याबाई. अन् देवघर धुऊन काढा.”

रुखमाबाई पिंपाकडे बघत राहिल्या. सून बाहेरची असती तर त्यांनी ते पाणी क्षणभरही घरात ठेवलं नसतं, हे सिंधूताईलाही ठाऊक होतं. त्या जागच्या हलल्या नाहीत. देवासमोर खोटं रेटण्याइतकी त्यांची छाती नव्हती. सिंधूताईनं गडू तोंडाला लावला आणि पूर्ण रिकामा केला.

मग पूनमनं महनूरला सांगितलं, “तीन डाव लिवा. एक हे छकुली. एक पोटात आहे. अन् एक जीपनं नेली.”

महनूरचा पेन थांबला. ती हळू आवाजात म्हणाली की ताई, घाबरू नका, हे कागद गुप्त असतात, तुमचं नाव कुणाला कळणार नाही.

“लपवू नका,” पूनम म्हणाली. “लपवलं म्हणून तर ते गेली.”

सिंधूताई पायरीवर बसली. वही उघडून तिनं पूनमच्या नावापुढचं तिन्ही महिन्यांचं ‘पाळी चालू’ एकेक करून खोडलं. आपल्याच अक्षरातलं खोटं खोडताना तिला फार लाज वाटली. उद्या जीप येणार असल्याचं पूनमनं तिला तिथेच, सासूच्या देखत सांगितलं.

संध्याकाळी भागवत शेतातून आला तेव्हा गावभर झालं होतं. पूनम छकुलीला पोटाशी धरून आतल्या खोलीत बसली होती आणि त्याच्या पावलांचा आवाज ऐकत होती. तो आला, दारात उभा राहिला. एवढंच म्हणाला, “काऊन केलं असं?”

तिनं छकुलीला आणखी घट्ट धरलं. तो अंगणात गेला आणि फोनवर कुणाला तरी दबक्या आवाजात सांगू लागला, की उद्या येऊ नको, वहीत नाव चढलं, लफडं होईल. पूनमला ते ऐकू आलं. नवऱ्याला पश्चात्ताप झालेला नाही, तो फक्त भ्यालेला आहे, हे तिला नीट समजलं. तरी त्या एका रात्रीपुरतं तेवढं पुरेसं होतं.

गुरुवारी झुंजूमुंजू होताना ओसरीवर कुणीतरी येऊन बसलं. रुखमाबाईंनी दार उघडलं तर सिंधूताई.

“किती दिवस येशीन अशी?” रुखमाबाईंनी विचारलं.

“नऊ महिने भरेपर्यंत, मावशी. अन् आता प्रत्येक घरी आत येऊन इचारीन. बाहेरून पाहून लिहिणं बंद.”

रुखमाबाईंनी आत जाऊन चहा ठेवला, आणि पहिला कप पूनमसमोर आणून ठेवला.

महनूरनं पाहणी संपवून गावाचा हिशोब जुळवला. सहा वर्षांखालचे मुलगे एकसष्ट, मुली त्रेचाळीस. निसर्गाच्या प्रमाणानं एकसष्ट मुलग्यांमागे अठ्ठावन्नच्या आसपास मुली असायला हव्या होत्या. जन्मलेलं माणूस मोजता येतं. जन्मू न दिलेलं माणूस असंच वजाबाकी करून शोधावं लागतं. त्या गावात पंधरा कमी भरल्या. त्यांतल्या एकीची नोंद झाली, कारण तिची आई बोलली. उरलेल्या चौदा जणींच्या आया गावातच आहेत, कापूस वेचतात, भाकरी थापतात, आणि विचारलं तर एकच डाव म्हणतात.

पूनमचं बाळंतपण पुढे सुखरूप झालं. तिला काय झालं, ते मी सांगणार नाही. ते विचारायचं तुमच्या मनात आलं असेल, तर ही कथा मी तुमच्यासाठीच लिहिली आहे.