आवाज दोन

शेणव्यात महेंद्रच्या घरी टीव्हीशेजारी उशीच्या अभ्र्याने झाकलेला जो जुना लॅपटॉप आहे, तो मी, मित्रांनो. अभ्रा फुलाफुलांचा आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आईवडील कोण ते माहीत नाही. भावंडं मात्र पुष्कळ होती आणि सगळी माझ्यासारखीच दिसत. कल्याणच्या एका ऑफिसात महेंद्रच्या टेबलावर मी बरीच वर्षं बिलं केली. तेव्हा सगळे मला फास्ट म्हणत. पुढे मी चालू व्हायच्या आत महेंद्रचा चहा पिऊन होऊ लागला. ऑफिसने नवा आणला आणि मला महेंद्रच्या गळ्यात मारलं. आसनगावला उतरून जीपमधून मी शेणव्याला आलो आणि तांदळाच्या कोठीवर पडलो. तिथे उंदरांनी माझी वायर चाखून पाहिली.

मला तिथून उचललं ते महेंद्रच्या वडिलांनी, बाळाराम बाबांनी. ते पूर्वी सरकारी बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे त्यांना नोटेशन वाचता येतं. त्यांनी बांधलेलं एक गाणं गावच्या विहारात बाया म्हणतात. सगळ्या बाया एक चाल गायच्या आणि बाबांची बायको येसूबाई तिच्या खालून वेगळीच चाल गायची. ती तिला कोणी शिकवली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात येसूबाई वारली. ती खालची चाल कोणी मोबाइलवर घेतलेली नव्हती. आता ती फक्त बाबांच्या कानात उरली होती, आणि तिथूनही निसटत चालली होती. ती पार जायच्या आत बाबांना लिहून काढायची होती.

महेंद्रने माझ्यात नोटेशनचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. बाबांनी एका बोटाने बायांची चाल भरली. मग त्याच ओळीवर येसूबाईची भरायला घेतली. एक सूर टाकला, वरचा गेला. दुसरा टाकला, तिथलाही गेला. मी तरी काय करणार? काही न सांगता नवं लिहिलं की मी जुनं पुसतो. माझा स्वभावच तसा.

बाबांनी कल्याणला फोन लावला. "खातोय रे हा. येसूची चाल टाकली का बायांची खातो."

महेंद्र कामात होता. "बाबा, आधी आवाज दोन करा, मग टाका."

बाबांनी माझा आवाज कमी करत करत दोनवर आणला. पुन्हा सूर टाकले. मी पुन्हा खाल्ले.

"केला आवाज दोन. आता खातो ते ऐकू पन येत नाय."

"तो आवाज नाय ओ बाबा. दुसरा आवाज."

"मग टीव्हीचा करू?"

संध्याकाळी सून मेघा कामावरून आली. तिने सगळं ऐकून घेतलं, तोंडावर हात धरून हसली आणि पडद्यावरचा दोनचा आकडा दाबला.

"बाबा, इथं आवाज म्हंजे गळा. एक गळा बायांचा. हा दोन नंबरचा आईंचा. आधी गळा सांगायचा, मग सूर द्यायचे."

"मग गळा बोलायचं ना. सरळ शब्द नाय का तुमच्याकडं?"

आता जमलं. पडद्यावर बायांच्या सुरांच्या खुणांच्या दांड्या वर गेल्या, येसूबाईच्या खाली. कोणी कोणाला खाल्लं नाही. पण तिसऱ्या ओळीशी बाबा अडले. तिथे येसूबाई काय गायची ते आठवेना. एक चाल भरून वाजवली. "नाय. अशी नाय." दुसरी भरली. "ही पन नाय." मेघाच्या भाकऱ्या होऊन गेल्या तरी बाबा तिथेच. शेवटी त्यांनी तेवढा तुकडा पुसून टाकला आणि चष्मा काढून ठेवला.

दुसऱ्या आवाजात सूर नसला की तिथे मी विश्रांतीची खूण ठेवतो. नियमच आहे. मेघाने सहज गाणं लावलं. तिसऱ्या ओळीला वरचा आवाज चालत राहिला, खालचा थांबला. बाबा ताठ बसले.

"हां. इथं गायचीच नाय ती."

"मग काय करायच्या आई?"

"इथं मी वाजवताना पळायचो. ती गाणं सोडून मला बोलायची, अवो, हळू. गाडी नाय सुटत तुमची."

पुढच्या रविवारी विहारात मला चटईवर ठेवून तालीम झाली. अर्ध्या बाया दुसऱ्या आवाजात गायल्या. तिसऱ्या ओळीला बाबांची बहीण वत्सला थांबली. "दादा, इथं आमी नुसतं उभं राहू?"

"येसू मला दटावायची."

बायांना तेवढंच हवं होतं. पुढच्या खेपेला त्या ओळीला सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "अवो, हळू. गाडी नाय सुटत तुमची." बाबांची क्लॅरिनेट हसण्याने चिरकली. मग त्यांनी डोळे पुसले आणि ती ओळ हळू वाजवली.

मित्रांनो, माझी बॅटरी आता वायर काढली की मान टाकते. मला भंगारात द्यायचं झालं तर खुशाल द्या. फक्त आधी ते गाणं काढून घ्या, आणि दोन्ही गळे आलेत ना, तेवढं लावून बघा.