फोटोतला नवरदेव

मितेशची हळद होती आणि त्याचा चुलतभाऊ दिपेश आतून नुसता जळत होता. कारण नवरी जागृती होती. वाशीच्या कॉलेजात तीन वर्षं ती दिपेशच्या पुढच्या बाकावर बसली, पण हा बहाद्दर तिच्याशी एक शब्द बोलला असेल तर शपथ.

बोलायचं कशाला? मोबाइलवरच्या पुरुषांच्या ग्रुपनं त्याला 'काळी गोळी' चारली होती. म्हणजे असं, की सगळं जबड्याच्या हाडावर आणि उंचीवर ठरतं. रुंद जबड्याचा तो 'चॅड', पोरी त्याच्याच. बाकीच्यांचा जन्मतःच 'गेम ओव्हर', धडपड फुकट. दिपेशनं आरशात बघून स्वतःला बाकीच्यांत टाकून दिलं होतं. त्यात एक सुख होतं, दोष आपला नव्हता.

आणि हा मितेश! बुटका, पंचविशीतच टक्कल, हनुवटी शोधावी लागते. त्याला जागृती मिळावी? दिपेशनं मटणाचं ताट तसंच बाजूला सारलं.

ऐरोलीजवळच्या त्यांच्या गावात हळदीला सगळ्या भावांना एकाच रंगाचे शर्ट आणि नवऱ्याइतकीच हळद सगळ्यांच्या तोंडाला. मांडवात मितेश आणि दिपेश दोघांचा फोटो निघाला, तो दिपेशनं लगेच ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हा नवरा. पोरगी एक नंबर. सांगा, कसं जमलं?" ग्रुप मितेशच्या चिंधड्या करील, आपल्या जिवाला थंडावा मिळेल, असा बेत होता.

तेवढ्यात मितेशनं स्वतःचा मोबाइल त्याच्यासमोर धरला. व्हिडिओ कॉल होता. "बोल रे वयनीशी."

जागृती हसली. "भावजी, तीन वरसं मागच्या बाकावर होतात, कदी बोल्लात नाय. आमी पोरी म्हनायचो, दिसायला बरा हाय म्हनून लय भाव खातो. यांनी बघा, ओळख ना पाळख, सरळ येऊन विचारलं."

दिपेशनं मितेशचा मोबाइल बाजूला करून स्वतःचा उघडला. ग्रुपची उत्तरं येऊन पडली होती.

"उंच आहे तोच नवरा ना? जबडा बघ, पक्का चॅड."

"हळद फासूनपण हिरो दिसतो. आपला गेम ओव्हर, भाई."

"शेजारचा टकला आपल्यातला. बिचारा."

ग्रुपवर दिपेशचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. 'नवरा टकला आहे,' असं त्यानं लिहिलं आणि पुसलं. पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग हा चॅड कोण, आणि त्याला का नाही मिळाली?

मांडवात भावांनी मितेशला खांद्यावर घेतलं. दिपेश फोटोतल्या उंच पोराकडेच बघत राहिला. मितेशवर जळला नव्हता एवढा तो त्याच्यावर जळला. ग्रुपच्या लेखी तरी जागृती त्याची होती.