वरचं पाणी

“आत्या गळाली!” नावेच्या पोटातून इस्तारी ओरडला. “ओत, ओत! थांबू नको!”

वर, नावेच्या फळ्यांवर, गोकुळा घागर कलती धरून उभी होती. तिनं ओतणंच थांबवलं.

“कोन आत्या?”

“माही आत्या. ह्या कोपऱ्यातली. आता जरा डोलकाठीच्या भोकाकडं ओत, मामा पाह्यतो.”

“तुमची आत्या मरून किती वर्सं झाले,” गोकुळा म्हणाली. “मी भर आंगनात उभी राहून भुतायले पानी पाजून राह्यली काय?”

कुंपणापलीकडून कुणीतरी खुदकन हसलं. इस्तारीला त्याचं काही नव्हतं. तो अंधारात मान वर करून बसला होता, तोंडावर पाणी ठिबकत होतं आणि स्वारी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी खूश होती.

सिरोंचाच्या ढिवर मोहल्ल्यात आंगणात डोंगा दिसणं नवलाचं नाही. पण हा डोंगा नव्हता, शिडाची नाव होती. इस्तारीच्या बापाची, इसरूची. सागवानी, लांबलचक, पोटात माल भरून वरून फळ्या ठोकलेली. इसरू तिच्यातून चिंच आणि मोह भरून गोदावरीनं खाली न्यायचा आणि येताना मीठ आणायचा. जाताना नदीची धारच नाव न्यायची. शीड गुंडाळून बाजूला पडलेलं असे. येताना धारेविरुद्ध चढायचं, तेव्हा पावसाळी वारा पाठीशी घेऊन शीड उभं राही. तेलुगू मुलखात फिरून फिरून इसरू शिडाला तिकडच्यासारखं ‘तेरचाप’ म्हणायला शिकला होता. तो शब्द काढला की म्हाताऱ्याचा आवाजच बदलायचा.

आणि गंमत बघा, त्या नावेवर बालपण काढलेल्या इस्तारीनं फुगलेलं शीड एकदाही पाहिलं नव्हतं.

वारा यायचा तो पाऊस घेऊन. पाऊस आला की वरच्या फळ्या गळत, आणि खाली मीठ. मग इस्तारीला डबे घेऊन पोटात उतरवलं जाई. कुठे थेंब पडतो ते अंधारात हुडकायचं, डबा सरकवायचा, भरला की ओतायचा. करमत नव्हतं म्हणून पोरानं थेंबांना नावं दिली. पाऊस सुरू झाल्यावर उशिरा यायची आणि पाऊस थांबला तरी जायचं नाव घ्यायची नाही, ती आत्या. एकच टपोरा थेंब टाकून गायब व्हायचा, तो मामा. नेमका टाळूवर टपली मारायचा, तो मास्तर. खाली बसून त्याला नाव कलताना कळायची, दोर ताणताना कळायचे, मग डोक्यावर फडफड थांबून एकदम काहीतरी भरून आल्यासारखी शांतता व्हायची. शीड फुगलं, एवढं त्याला समजायचं. एकदा न राहवून त्यानं मुंडकं वर काढलं, तर बापानं पायानंच त्याचं डोकं खाली दाबलं. मारलं नाही, हसतच दाबलं.

“मीठ खाली आहे बे. वर काय आहे तुहं?”

पुढं मीठ ट्रकनं यायला लागलं. इसरूनं नाव ओढत आंगणात आणली, दोन ओंडक्यांवर चढवली आणि दोनेक वर्षांत तोही गेला. इस्तारी लाकडाच्या डेपोवर चौकीदार झाला. दुसऱ्याचं सागवान राखता राखता केस पांढरे झाले. नावेखाली शेळ्या बसत, आत कोंबड्या अंडी घालत, वरच्या फळ्यांवर गोकुळा मोह आणि मिरच्या वाळवी. डेपोची नोकरी सुटल्यावर एका संध्याकाळी त्यानं बायकोला मनातली गोष्ट सांगितली, तीही आडून आडून, लाजत.

“मले एकडाव तेरचाप फुगलेलं पाहाचं आहे.”

“मंग पाहा न,” गोकुळा म्हणाली. “त्यात काय लाजता?”

लाजण्यासारखं नव्हतं, पण घाई करण्यासारखं होतं. पोरगा प्रफुल अहेरीच्या रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालवत असे. त्याला लग्नाआधी आंगणात सिमेंटची खोली हवी होती, आणि खोलीच्या नेमक्या जागी नाव होती. चौकटींना सागवान घरातलंच मिळतंय म्हणून तो सुतार मंगरूला सांगूनही आला होता.

“बा, हे बघ,” बापाचा उतरलेला चेहरा पाहून तो म्हणाला, “पान्यावर चालली तं घाटावर बांधून ठेव, मी काई म्हनत नाई. नाई चालली तं मंगरूभाऊ तोडते. मंजूर?”

“मंजूर,” इस्तारी म्हणाला आणि त्याच दुपारी डबे घेऊन नावेच्या पोटात शिरला.

अडचण अशी, की फळीला पाणी एकीकडून शिरतं आणि आडव्या लाकडाला धरून सरकत भलतीकडेच टपकतं. इस्तारीला प्रत्येक थेंब खालून पाठ होता. वरची फट कोणती, याचा पत्ता नव्हता. वरून नाव त्यानं कधी पाहिलीच नव्हती म्हणा ना! गोकुळाचं उलटं. तिला वरची फट न् फट माहीत होती, कारण इतकी वर्षं तिचं वाळवण त्यातून गळत होतं. तिचीही नावं होती. इथून तीळ जातात ती तीळफट, इथून मोहफूल जातं ती मोहफट, इथून लसूण गेला होता आणि सापडला नव्हता ती चोरटी. मग दोघांनी आपापली नाती जुळवायला घेतली. ती तीळफटीवर पाणी सोडे आणि तो खालून सांगे, “मामा!” ती मोहफटीवर सोडे, “मास्तर!” आणि आत्या निघाली थेट त्या चोरट्या फटीची.

“मले वाटलंच,” गोकुळा म्हणाली. “माहा लसून बी तिनंच खाल्ला असन.”

आयुष्यभर एकाच घरात राहून इतकं बोलणं त्यांचं कधी झालं नव्हतं. तो डेपोवर, ती चुलीशी, मीठ-मिरचीपुरतं बोलणं. आता फळीच्या वर एक आणि खाली एक, तोंडं दिसत नसताना, दोघं दिवसभर बोलत. ती माहेरच्या तळ्याचं सांगे. तो खालून हूं हूं करी.

फटी कोरून त्यात तेलात भिजवलेला कापूस ठोकायचा, वरून राळ वितळवून ओतायची, हे काम इस्तारीनं जीव लावून केलं. छिन्नी-हातोडीचा ठकठक आवाज मोहल्ल्याला पाठ झाला. फळ्या उन्हानं पुन्हा तडकू नयेत म्हणून गोकुळानं एका सकाळी त्यांवर शेणाचा सडा घालून चक्क सारवलं. इस्तारी संतापला, “नाव आहे का आंगन आहे?” पण सारवलेल्या फळ्या ओल धरून राहिल्या, तडकल्या नाहीत. पुढं तर सडा राहिला की तोच आठवण करून द्यायचा. शीड गोकुळानंच शिवलं, युरियाच्या पांढऱ्या पोत्यांचं, दाभणानं. त्यावर निळी अक्षरं काही सुलटी, काही उलटी आली.

मंगरू सुतार येता-जाता नावेभोवती चक्कर मारायचा. चौकटींचं माप घेत होता की काय कोण जाणे, पण माणूस वाईट नव्हता. एकदा त्यानं वाकून नावेच्या तळाला, ओंडक्यांवर टेकला होता तिथं, नखानं टोकरलं.

“इस्तारीभाऊ, खालून पाहून घे गा. वाळवीनं खाल्ल्यासारखं दिसते.”

“खालून कधी पानी आलं नाई,” इस्तारी म्हणाला. “ह्या नावेले पानी वरूनच येते.”

मंगरूनं समजावायचा प्रयत्न केला. पण ज्याचं सगळं लहानपण वरच्या थेंबांखाली गेलं, त्याला पाणी खालूनही येतं हे कसं पटावं? तळाला डांबराचा एक हात फिरवला आणि इस्तारी पुन्हा आपल्या आत्या-मामांकडे वळला.

पोळा झाला आणि प्रफुलनं चार दोस्त जमवून, लाकडाच्या गोल ओंडक्यांवरून, जीपला दोर बांधून नाव गोदावरीला मिळणाऱ्या प्राणहितेच्या काठी आणली. टिंगल करणारा पोरगा, पण नाव चढावर अडली तेव्हा खाली उतरून त्यानंच खांदा लावला. गोकुळानं नावेची ओटी भरली, तांदूळ आणि नारळ. लाकूड फुगावं म्हणून नाव काठाशी बुडवून ठेवली, मग उपसली. थोडं पाणी आत येत राहिलं. फुगली की थांबेल, असं इस्तारी म्हणाला, आणि त्याच्याकडे पाहून कुणी दुसरं काही म्हणालं नाही.

ज्या दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, त्या दुपारी अर्धा मोहल्ला घाटावर होता. वरच्या वळणापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच ठरलं होतं. गोकुळा नावेत चढली तेव्हा बायका हसल्या. तिनं पदर खोचला.

“मी जातो म्हनजे जातो. तुमच्या आत्याले कोन पाह्यन?”

नाव सुटली. वल्ह्यानं ती धारेत नेऊन इस्तारीनं दोर ओढला. पोत्यांचं शीड वर चढलं, फडफडलं, दोन थपडा मारल्यासारखं वाजलं. तेवढ्यात सर आली. गोकुळा सवयीनं डबा घेऊन खाली उतरली.

“काय म्हनते आत्या?” त्यानं वरून विचारलं.

“नाई वो!” खालून तिचा आवाज आला, खणखणीत. “वरून एक थेंब नाई! आत्या नाई, मामा नाई, कोनीच नाई!”

आणि मग शीड फुगलं.

इस्तारी बघतच राहिला. वारा पोत्यांत शिरला, शिवणी ताणल्या, निळी अक्षरं लांब झाली आणि फडफड थांबून ती जुनी शांतता आली. आता तिला रूप होतं. पांढरं, गच्च भरलेलं, डोक्यावर वाकून आलेलं, दुपारच्या सरीमागून ऊन पडलं तसं आतून उजळलेलं. नाव पाणी कापत वर चढायला लागली. काठावरची झाडं मागे सरकू लागली, पल्याडचा आंध्राचा काठ धुक्यातून हलायला लागला, आणि आपण झोपेत आहोत की जागे, हे इस्तारीला नक्की सांगता आलं नसतं. बापाचा आवाज का बदलायचा, ते त्याला त्या क्षणी कळलं. रडू आलं त्याला, आणि ते त्यानं पुसलंही नाही.

“अवो,” खालून गोकुळा म्हणाली, “वरून नाई येत, पन पायाखालून पानी येऊन राह्यलं.”

“किती?”

“घोट्याले लागलं. तुमी चालवा, मी उपसतो.”

डब्याचा आवाज सुरू झाला. लाकडावर घासत भरणारा, खिडकीसारख्या भोकातून बाहेर रिकामा होणारा डबा. पुन्हा घासणं, पुन्हा रिकामं. तिचा हात चांगला चालत होता. ती अशीच उपसत राहिली असती तर नाव वळणापर्यंत गेली असती, परतही आली असती, आणि प्रफुल शब्दाचा पक्का होता. इस्तारीला हे सगळं कळत होतं. त्यानं शिडाकडे पाहिलं. शीड तेवढंच भरलेलं होतं, पण आता त्याच्या कानात डबाच घासत होता, आणि तो डबा त्याच्या फार जुन्या ओळखीचा होता. वर शीड फुगलेलं असताना खाली अंधारात बसणं काय असतं, हे त्या सबंध नदीवर त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

बापानं कधी हाक मारली नव्हती.

“गोकुळा!” तो म्हणाला. एरवी तो तिला नावानं हाक मारत नसे. “वर ये.”

“पानी भरन न!”

“भरू दे.”

“अवो, नाव जाईन! प्रफुल्या मंगरूले—”

“जाऊ दे. वर ये, म्हनतो न.”

डबा थांबला. गोकुळाचं डोकं भोकातून वर आलं, केसांना कोळिष्टकं लागलेली. इस्तारीनं वल्हं काखेत दाबून तिला हात दिला. ती वर आली, धापा टाकत उभी राहिली आणि काहीतरी रागाचं बोलायला म्हणून तिनं मान वर केली. तोंड तसंच उघडं राहिलं.

“हे म्या शिवलं?” ती म्हणाली.

“तूच शिवलं.”

ती त्याच्याशेजारी सारवलेल्या फळ्यांवर बसली. नाव जड होत गेली. पाणी कापण्याचा आवाज मंदावला, काठ सावकाश सरकू लागला, मग फारच सावकाश. इस्तारीनं वल्हं दाबून नाव नदीतल्या वाळूच्या दांड्याकडे वळवली. पोटात पाणी भरून ती अलगद खाली टेकली, थोडी कलली आणि थांबली. पाणी फळ्यांच्या कडेला येऊन लागलं. शीड तसंच फुगलेलं होतं. वाऱ्याला काही नाव थांबल्याचं कुणी सांगितलं नव्हतं. दोघांनी पाय पाण्यात सोडले.

काठानं प्रफुल पळत येताना दिसला. त्यानं हाताचा कर्णा केला.

“बा! काऊन थांबले? नाव बसली काय?”

गोकुळानं इस्तारीकडे पाहिलं, मग काठाकडे वळून मोठ्यानं उत्तर दिलं.

“नाई रे! आमी बसलो!”